तावदान धुरकटले तर

गिरगावातल्या खोताच्या वाडीतले एखादे लाकडी घर, पुढच्या व्हरांड्यासह आणि बाहेरून चढणाऱ्या जिन्यासह, ८७ पटींनी लहान करून बांधले, तर ९० सेंटीमीटर रुंदीची खिडकी जेमतेम १ सेंटीमीटरची होते. कठड्यातली किंवा कौलांतली चूक रंगाखाली दडवता येते. तावदानावर रंग चढत नाही, त्यामुळे नजर आधी तिथेच जाते. विमानाच्या मॉडेलमध्ये हीच गत कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाची.

किटमधले हे पारदर्शक भाग बहुधा साध्या पॉलिस्टायरीनचे असतात. बाकीच्या भागांच्या प्लास्टिकमध्ये मिसळलेले रबर त्यांना चिवट करते, पण त्यातून आरपार दिसत नाही. पारदर्शक भागात रबर नसते, म्हणून तो काचेसारखा स्वच्छ आणि तितकाच ठिसूळ. किटमध्ये तो ज्या दांडीला जोडलेला येतो, तिच्यापासून मोडून काढण्याची घाई अनेक तड्यांना कारण होते. बारीक करवतीने जरा दूर कापून उरलेले टोक घासावे.

धुरकटपणा बहुतेक वेळा गोंदामुळे येतो. झटपट चिकटणाऱ्या सायनोॲक्रिलेटची वाफ हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते आणि आसपास पांढरी साय धरते. गिरगावातल्या जुलैच्या हवेत ओलाव्याला तोटा नसतो. तावदानाला बोट लागले असेल तर ठसाही स्पष्ट उमटतो. पोलीस याच गुणाने गुन्ह्याच्या जागचे ठसे शोधतात.

ही साय वरवरची असते, ओरखडेही तसेच. १०००, १५०० आणि २००० नंबरचा वॉटरपेपर क्रमाने, भरपूर पाणी घेऊन फिरवावा. प्रत्येक नंबरला दिशा आडवी-उभी बदलली की मागच्या रेघा गेल्या की नाही ते लगेच कळते. पॉलिस्टायरीन १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, त्यामुळे कोरडे घासले तर ते लिबलिबीत होऊन ओढले जाते. शेवटी कापसावर टूथपेस्ट पुरते. थिनर किंवा ॲसिटोन लावू नये. डागाबरोबर तावदानही विरघळते.

तड्याचे गणित निराळे. पॉलिस्टायरीनचा अपवर्तनांक १.५९, हवेचा १. तड्यात अडकलेली हवा प्रकाश परतवते, तीच ती चंदेरी रेघ. तिथे सुईच्या टोकाने पातळ पारदर्शक ॲक्रिलिक वार्निशचा थेंब टेकवला की तडा तो स्वतःच शोषून घेतो. सुकलेल्या ॲक्रिलिकचा अपवर्तनांक सुमारे १.४९, म्हणून रेघ जवळजवळ विझते. मजबुती मात्र परत येत नाही.

फुटलेले सपाट तावदान सांधण्यापेक्षा बदललेले बरे. सूक्ष्मदर्शकाची कव्हर स्लिप सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीची खरी काच असते. ती लाकूडकामाच्या पांढऱ्या गोंदाने बसवावी. तो सुकल्यावर पारदर्शक होतो आणि चुकलेच तर पाण्याने सोडवता येतो. दोन-तीन मिलिमीटरच्या झरोक्यात टूथपिकने नुसत्या गोंदाचा पडदा ओढला तरी चालतो, फक्त सुकताना तो मधे किंचित खोल जातो.

गोलाकार झाकण हरवले तर लाकडाचा ठोकळा त्या आकारात घासून त्यावर तापवलेला पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा ताणतात. पत्र्याची जाडी धरून ठोकळा तेवढा लहान ठेवावा लागतो, नाहीतर झाकण खाचेत बसत नाही.