पिलांच्या रक्तात युरिक आम्ल का वाढते?

कोंबडीच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. मूत्रपिंडे ते रक्तातून गाळून बाहेर टाकतात. मूत्रपिंडे बिघडली, की ते रक्तात साठते, काळजावर चुन्यासारखा थर धरतो आणि पिले दगावतात. हाच गाऊट.

कारणे अनेक, दोन मात्र आपल्या हातची. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम ३.५ ते ४ टक्के असते. पिलांना सुमारे १ टक्का पुरे. म्हणून उरलेले लेयर खाद्य पिलांना घालू नका. दुसरे पाणी. अहिल्यानगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा कालव्यांखाली काही विहिरी मचूळ आहेत. पाणी तपासून घ्या. उन्हाळ्यात भांडी रिकामी ठेवू नका.

मर दिसताच मेलेले पिलू पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. मनाने औषध देऊ नका.