सवाईचे पाच दिवस
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



पुण्याला आपण विद्येचे माहेरघर म्हणतो. डिसेंबरात पाच दिवस ते सुरांचेही माहेर होते. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, १९५२ साली वारले. त्यांच्या स्मरणार्थ शिष्य भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून हा उत्सव सुरू केला. रमणबागेच्या पटांगणात पूर्वी गाणे रात्रभर चाले. रात्रभर घर सोडून बसणे आपणांपैकी किती जणींना जमले असते? पुढे रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकावर निर्बंध आले. रसिक हळहळले, पण गाणे दुपारीच सुरू होऊ लागले, ही आपली सोयच झाली.

तरी दूध, स्वयंपाक, पाहुणे या सबबी आहेतच. गंगूबाई हनगल संसार सांभाळून हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला याच गुरूंकडे शिकायला जात. पुढे याच उत्सवात त्या गायल्या. आपल्याला तर नुसते ऐकायचे आहे!

म्हणून माझी सूचना अशी, की यंदा पाचांतला एक दिवस मंडळाने मिळून जावे. खुर्चीचा आग्रह नको, बैठकीचे तिकीट पुरे. बरोबर शाल आणि डबा घ्यावा. घरी त्या दिवशी पिठलेभात घरच्या मंडळींनी करावा. राग ओळखता येत नाही म्हणून कोणी मागे राहू नये. कीर्तनाला बसतो तसे शेवटपर्यंत बसावे. कान आपोआप तयार होतो.

नावे आजच द्यावीत, एवढे सांगून मी आपली रजा घेते.