आठ पायांचा स्लीपनिर



2011च्या ‘थॉर’ चित्रपटात देवांचा राजा ओडिन आठ पायांच्या घोड्यावरून येतो. हाच नॉर्स पुराणातला स्लीपनिर. पडद्यावर तो डोळ्यांत भरतो, पण त्याची जन्मकथा तिथे नाही. आणि खरी गंमत तर तिच्यातच आहे.

आइसलंडच्या स्नॉरी स्टुर्लुसनने 1220च्या सुमारास आपल्या ‘एड्डा’ या ग्रंथात ती लिहून ठेवली. एका गवंड्याने देवांना अभेद्य तटबंदी बांधून द्यायचे कबूल केले. मोबदला म्हणून मागितली फ्रेया देवी, शिवाय सूर्य आणि चंद्र! मुदत एका हिवाळ्याची, मदतीला फक्त त्याचा घोडा स्वाडिलफारी. तो घोडा रात्रभर प्रचंड शिळा ओढी. उन्हाळ्याला तीन दिवस उरले आणि काम वेशीपर्यंत आले, तेव्हा देव हादरले. मग कपटी देव लोकीने घोडीचे रूप घेतले आणि स्वाडिलफारीला रानात पळवून नेले. काम अडले, गवंडी चवताळला, तो राक्षस असल्याचे उघड झाले आणि थॉर देवाने त्याला ठार केले. पुढे लोकीच्याच पोटी करड्या रंगाचे, आठ पायांचे शिंगरू जन्मले.

कपटातून जन्मलेला हा घोडा देव-मानवांच्या घोड्यांत सर्वश्रेष्ठ ठरला. पुढे लोकीच्याच कारस्थानाने ओडिनचा लाडका मुलगा बाल्डर मेला. त्याला परत आणायला हर्मोड नावाचा देव निघाला, तो स्लीपनिरवर बसून. नऊ रात्री काळोख्या दऱ्यांतून दौड झाली. मृतांच्या लोकाच्या फाटकाशी हर्मोड उतरला, घोड्याचा तंग आवळला, पुन्हा स्वार झाला आणि टाच मारली. स्लीपनिरने अशी झेप घेतली, की फाटकाला खूरसुद्धा लागला नाही. बापाचा घाव भरून काढायला लेक धावला म्हणावे, तर इथे लोकी बाप नव्हे, आई आहे!

स्वीडनच्या गॉटलंड बेटावर सापडलेल्या एका चित्रशिळेवर असाच आठ पायांचा घोडा आणि त्याचा स्वार कोरलेला आहे. समोर एक स्त्री पेयाचे शिंग पुढे करते आहे. स्नॉरीच्या कितीतरी आधीची ही शिळा आज स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात आहे.

लेखक नील गेमन यांनी 2017च्या ‘नॉर्स मिथॉलॉजी’ या पुस्तकात गवंड्याची गोष्ट लोकीच्या मातृत्वासकट सांगितली, हे मला फार मोलाचे वाटते. मुलांना स्लीपनिर सांगाल, तेव्हा त्याची आईही सांगा. देवांची लबाडी आणि तिच्यातून निपजलेले इमान, दोन्ही एकत्र आले तरच ही कथा पुरी होते.