देणगी : ठेवायची आणि खर्चायची

शेतकऱ्याच्या घरात पूर्वी दोन कणग्या असत. एक बियाण्याची आणि एक खाण्याची. बियाण्याच्या कणगीला अडीअडचणीतही हात लावायचा नाही, असा घरधनिणीचा दंडक असे. खाण्याच्या कणगीतले दाणे मात्र रोज जात्यावर जात. दोन्ही कणग्या हव्यातच. पण पहिली भरलेली आणि दुसरी रिकामी असेल, तर घरातली पोरे उपाशी झोपतात. विद्यापीठाचा संसारही असाच चालतो.

विद्यापीठाला येणारी एक देणगी कायम निधीची. तिचे मुद्दल मोडायचे नाही. व्याज येईल तेवढेच खर्च करायचे. दुसरी देणगी चालू खर्चाची. ती आली की त्याच वर्षी कामाला लावायची. आपल्याकडे पहिलीचा मान मोठा. तिला दात्याचे नाव लागते, पारितोषिक निघते, पाटी बसते. दुसरी खर्चून जाते म्हणून तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. आज मला तिच्याविषयीच चार शब्द सांगायचे आहेत.

साधा हिशेब करू. कोणी एक लाख रुपये कायम निधीत दिले आणि सात टक्के व्याज धरले, तर वर्षाला ७,००० रुपये हाती येतात. गरजू विद्यार्थ्याला पाच हजारांची मदत द्यायची म्हटली, तर एकाचे काम होते आणि दोन हजार उरतात. तेच लाख रुपये ‘यंदाच खर्च करा’ म्हणून दिले, तर वीस विद्यार्थ्यांचे काम होते. आता कोणी म्हणेल, ‘अहो, पंधरा वर्षांत व्याजाची बेरीज लाखावर जाईल, आणि मुद्दलही शाबूत राहील!’ खरे आहे. म्हणून तर बियाण्याची कणगी हवी. पण जिची परीक्षा या मार्चमध्ये आहे, ती मुलगी पंधरा वर्षे थांबणार कशी? शिवाय व्याज तेवढेच राहते आणि खाणावळीचे दर मात्र वाढत जातात, हेही विसरून चालणार नाही.

अण्णासाहेब कर्व्यांचे उदाहरण पाहा. १९१६ साली त्यांनी हिंगण्याच्या माळावर महिला विद्यापीठ काढले, तेव्हा विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. या रकमेवर साडेतीन टक्क्यांनी वर्षाला ५२,५०० रुपये व्याज येणार होते. त्या काळी ही मोठीच रक्कम, आणि तिने विद्यापीठाचा पाया घातला. पण म्हणून अण्णासाहेब घरी स्वस्थ बसले का? नाही. १९२९ साली, सत्तरीच्या वयात, ते युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले, पुढे आफ्रिकेतही गेले, आणि जाईल तेथे विद्यापीठासाठी वर्गणी मागत राहिले. विद्यार्थिनी वाढल्या की खर्च वाढतो आणि ठराविक व्याज त्याला पुरे पडत नाही.

दुसरे उदाहरण साताऱ्याचे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा त्यांच्याजवळ ठेवी नव्हत्या. त्यांनी गावोगावच्या घरांतून मूठ-मूठ धान्य मागितले. ते पेटीत ठेवायचे नव्हते. वसतिगृहाच्या चुलीवर शिजवायचे होते. धान्य संपले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. त्या चुलीवर जेवलेली मुले शिकली. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, आणि आज ते कर्मवीरांच्याच नावाच्या विद्यापीठाचा भाग आहे. मूठभर धान्य त्याच दिवशी संपले. त्यातून उभे राहिलेले अजून संपलेले नाही.

मग आजची गरज कोणती? शिक्षकबंधूंना ती ठाऊक आहे. शिष्यवृत्ती मंजूर असते, पण पैसे हाती पडेपर्यंत सत्र उलटते. मधल्या काळात खाणावळीचे बिल थकते, एसटीचा पास काढायचा राहतो, परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत जवळ येते. त्या वर्षी पाऊस दगा देतो. मुलगा कोणाला काही सांगत नाही. तो फक्त वर्गात यायचा बंद होतो. अशा वेळी दोन-तीन हजार रुपये लगेच देता आले, तर पदवी वाचते. तीन महिन्यांनी दिलेले दहा हजार उपयोगी पडत नाहीत.

म्हणून देणाऱ्यांना माझे सांगणे असे. रक्कम लहान असली तरी संकोचू नका, पण दरवर्षी द्या. सोबतच्या पत्रात स्पष्ट लिहा : ‘ही रक्कम चालू वर्षात विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी खर्च करावी.’ ‘कायम निधीसाठी’ असे लिहिलेत, तर संस्थेला मुद्दलाला हात लावता येणार नाही. अटीही फार घालू नका. अमक्या गावचा, अमक्या विषयाचाच विद्यार्थी हवा, असे म्हटले की पैसे पडून राहतात आणि गरजू दारात उभा राहतो. पावती घ्या आणि वर्षअखेर हिशेब मागा. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. विद्यापीठांनीही तो आपण होऊन द्यावा. मात्र मदत घेणाऱ्याचे नाव चारचौघांत वाचून दाखवू नये.

गुरुजनहो, तुमचे काम याहून नाजूक आहे. पैसे देणारा शहरात असेल. पण कोणता बाक रिकामा झाला, हे तुम्हालाच दिसते. त्या मुलाच्या घरी जा, चौकशी करा, आणि विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण खात्याला मुदतीच्या आत कळवा. कणगीत दाणे आहेत आणि उपाशी कोण ते ठाऊक नाही, असे होता कामा नये.

सुगीच्या दिवसांत घरी धान्य येईल, तेव्हा दोन्ही कणग्यांची आठवण ठेवा. आणि यंदाच्या वर्षासाठी एक मूठ बाजूला काढा.