फोन वाजतोय, घ्या की!
(रौप्यमहोत्सवी समारंभातील मनोगत)



बँकेत पस्तीस वर्षं काढली, काउंटरवर कोणाशीही बोललो; पण फोनची मला भीती वाटते, हे आज पंचवीस वर्षांनी तुमच्यासमोर कबूल करतो. मूळ ट्रंक कॉलच्या काळातलं. तीन मिनिटांचा कॉल, लाइनवर खरखर, पलीकडून साहेब ओरडणार आणि अख्खी शाखा ऐकणार! तेव्हापासून घंटी वाजली की छातीत धडधड. घरी फोन सौ.च घ्यायची.

ती गेली आणि फोन नुसताच वाजत राहू लागला. गेल्या वर्षी एका जुन्या मित्राचे दोन मिस्ड कॉल दिसले. 'उद्या करू' म्हणत आठवडा घालवला. आठव्या दिवशी त्याच्या मुलाचा मेसेज आला, 'बाबा गेले.' त्याला काय बोलायचं होतं, ते राहूनच गेलं.

मग डोळे उघडले. फोनवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही, म्हणून मन भलतंसलतं कल्पतं. टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण भीती वाढते. आता आधी कागदावर तीन ओळी लिहितो : मी कोण, काम काय, फोन ठेवताना काय म्हणायचं. रोज सकाळी ११ वाजता एक फोन. सुरुवात वाण्यापासून केली. धडधड अजून होते, पण दोन मिनिटांत ओसरते.

ओटीपी मागणाऱ्याचा फोन जरूर कापा, ते शहाणपण. पण आपल्या माणसाचा फोन घ्या. उद्या माझ्या यादीत बी विंग आहे. उचला हं!