यंत्रांची देखभाल आणि माणसांचा स्वभाव



आमची निम्म्याहून अधिक हयात साखर कारखान्यात गेली. ऐन गाळपाच्या दिवसांत रात्री दोन वाजता मिल बंद पडली, की उसाच्या गाड्या फाटकाबाहेर खोळंबत, ऊस वाळे, उतारा घसरे. अशा वेळी जो फिटर पहाटेपर्यंत खपून मिल चालू करी, त्याची दुसऱ्या दिवशी वाहवा होई. एकाला तर भर सभेत हार-नारळ मिळाला. त्याच खात्यात एक ऑइलमन होता. तो रोज बेअरिंगला हात लावून पाही, तेलाचा रंग पाही. त्याच्याकडचे यंत्र हंगामभर बंद पडले नाही. त्याला हार कोणी घातला नाही. घालणार तरी कशाबद्दल? काही घडलेच नव्हते! आजच्या विषयातली खरी अडचण ही आहे.

बिघाडाआधीच यंत्राची काळजी घ्यावी, असे म्हटले की मंडळी म्हणतात, त्यात काय, ठराविक मुदतीने सगळे खोलावे आणि भाग बदलावेत. आम्हीही हेच मानीत होतो. ऑफ सीझनला सारा कारखाना खोलून पुन्हा जुळवीत होतो, आणि गाळप सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यातच सर्वांत जास्त खोळंबे होत. दोष आम्ही नव्या गड्यांच्या माथी मारीत असू.

याचे उत्तर आम्हाला सापडले ते विमानांच्या इतिहासात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलाच्या कोस्टल कमांडमध्ये पाणबुड्यांच्या मागावर जाणाऱ्या विमानांची दर 50 उड्डाणतासांनी तपासणी होई. वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी बिघाडांच्या नोंदी मांडून पाहिल्या. तपासणीची वेळ जवळ येईल तसे बिघाड वाढावेत, ही अपेक्षा. दिसले उलटेच! तपासणीनंतर लगेच बिघाड सर्वांत जास्त, आणि पुढे कमी कमी होत गेलेले. पुढे 1978 साली अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्समधील नोलन आणि हीप यांनी अहवाल लिहिला. त्यांनी तपासलेल्या विमानांच्या भागांपैकी 89 टक्क्यांना वयाची मुदत घालून काही लाभ नव्हता. डीसी-8 विमानाच्या पहिल्या आराखड्यात 339 भाग मुदतीने खोलायचे होते, डीसी-10 मध्ये अवघे सात.

म्हणून देखभाल सोडावी, असे मात्र कोणी समजू नये. टायर, ब्रेक असे झिजणारे भाग मुदतीने बदलावेच लागतात. बाकीच्यांची प्रकृती पाहावी लागते. बेअरिंग एकाएकी जात नाही. आधी कंप वाढतो, मग आवाज बदलतो, मग ते तापते. हाताला चटका बसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. कंप मोजण्याचे उपकरण आम्ही मोठ्या हौसेने आणविले. ते सहा महिने कपाटात राहिले. फिटरांना वाटले, ही आपल्यावर पाळत आहे. फोरमनला वाटले, आपली किंमत गेली. जपानमध्ये 1971 साली निप्पॉन डेन्सो कारखान्याने यंत्र चालविणाऱ्याच्याच हाती पुसणे, तेल घालणे, पाहणे सोपविण्याची पद्धत रूढ करून दाखविली. आम्ही ती वाचली होती. वाचणे सोपे असते.

एके सकाळी तोच ऑइलमन आमच्याकडे आला. म्हणाला, "साहेब, बॉयलरच्या धुराच्या पंख्याचा आवाज बरा नाही. चार तास थांबवा." गाळप जोरात होते, अध्यक्षांचे फोन येत होते. आम्ही म्हटले, आठवडा काढू. तिसऱ्या रात्री पंखा बसला. बॉयलर थांबला, पाठोपाठ मिल. 31 तास गेले. आम्हाला त्या तासांचे तितके वाईट वाटले नाही, जितके पुढच्या गोष्टीचे वाटले. त्यानंतर तो माणूस आमच्याकडे काही सांगायला आलाच नाही. विचारले की म्हणे, "सगळं ठीक आहे, साहेब."

पुढच्या हंगामाआधी आम्ही त्याच्याजवळ सर्वांसमक्ष चूक कबूल केली. एक वही ठेवली. तीत ऑइलमनने लिहावे, आणि त्याचे उत्तर चीफ इंजिनिअरने त्याच दिवशी सहीनिशी द्यावे, असा नियम केला. दोन महिने वही कोरी राहिली. मग एका दिवशी त्याच्या वाकड्या अक्षरात एक ओळ आली, तोच पंखा, तीच तक्रार. आम्ही पंखा थांबविला. अध्यक्षांचा फोन आला, बोलणी खाल्ली. बेअरिंग उघडले, तर बाहेरच्या कड्याला बोटभर चीर गेलेली.

ते कडे आम्ही येथे आणले आहे. व्याख्यानानंतर ज्यांना पाहायचे असेल त्यांनी पुढे यावे.