बाळंतिणीचे पोट साफ होणे : न बोलल्या जाणाऱ्या दुखण्याविषयी चार शब्द

(महिला मेळाव्यात एका निवृत्त परिचारिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने मला माता-आरोग्य या विषयावर बोलण्यास सांगितले. मी त्यातला एकच विषय निवडला आहे. तो ऐकून काहीजणी पदर तोंडाला लावतील, तर काही बंधूंना वाटेल की हा विषय आपल्यासाठी नाही. विषय आहे बाळंतपणानंतरचा मलावरोध, म्हणजे संडासला साफ न होणे आणि त्यावेळी होणाऱ्या असह्य वेदना. बाळ किती वजनाचे झाले, कोणावर गेले, हे सगळे विचारतात. बाळंतिणीला शौचाला झाली का, हे फक्त पाळीवरची नर्स विचारते, आणि एकदा घरी गेल्यावर तेही कोणी विचारत नाही. म्हणून आज आपण मोकळेपणी बोलू या.

हे दुखणे होते तरी का, ते आधी समजून घेऊ. गरोदरपणात शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक वाढलेले असते. त्याने आतड्यांची चाल मंदावते. मग कळांचे तास येतात. त्या वेळी खाणे-पिणे जवळजवळ बंद असते, घाम जातो, रक्त जाते. शरीरातले पाणी कमी झाले की आतडी मळातले पाणी शोषून घेतात आणि मळ खड्यासारखा कडक होतो. सिझेरियन झाले असेल तर आतडी काही काळ सुस्तावतात. ट्रॅमाडॉलसारख्या तीव्र वेदनाशामक औषधांनीही मलावरोध होतो. त्यातच रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या चालू असतात. त्याही काहींना घट्ट करतात.

आणि या सगळ्यांवर वरताण म्हणजे भीती. खाली टाके आहेत. जोर दिला तर टाके तुटतील, असे बाईला वाटते. म्हणून ती कळ आली तरी दाबून धरते. दाबून धरलेला मळ आणखी सुकतो, आणखी मोठा होतो. मग तो बाहेर पडताना गुदद्वाराला चीर पडते, रक्त येते, आगीसारखी जळजळ होते. पुढच्या वेळी ती अधिकच घाबरते आणि अधिकच दाबून धरते. भगिनींनो, हे चक्र आहे. भीतीने मळ कडक होतो, कडक मळाने चीर पडते आणि चिरेने भीती वाढते. हे चक्र जितके लवकर तोडाल तितके बरे.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मऊ शौचाने टाके सहसा तुटत नाहीत. आजकालचे बहुतेक टाके आपोआप विरघळणारे असतात आणि ते आतल्या थरांपासून घातलेले असतात. बाळंतपणानंतर दोन-तीन दिवस शौचाला झाली नाही तर घाबरण्याचे कारण नाही. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचे नसते. पहिला मळ मऊ असेल याची तयारी पहिल्या दिवसापासून करायची असते.

आता आपल्या घरातल्या रीतींकडे वळते. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना प्रेमाने सांभाळतात. अंगाला तेल, गरम पाण्याची अंघोळ, शेक, बाळंतशेपा, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सगळे मायेने होते. त्यातले बरेच चांगले आहे. पण दोन रीती घात करतात. एक म्हणजे पाणी कमी देणे. "पाणी पिऊन पोट सुटेल", "बाळाला सर्दी होईल" असे म्हणून वाटीभर उकळलेल्या पाण्यावर बाईला दिवस काढायला लावतात. अहो, अंगावर पाजणाऱ्या आईच्या शरीरातून रोज सुमारे पाऊण लिटर दूध जाते, आणि त्या दुधात शंभरात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते. ते पाणी येणार कुठून? आईने पाणी प्यायल्याने बाळाला सर्दी होत नाही. सर्दी विषाणूंमुळे होते. पोट सुटते ते गर्भाशय वाढल्याने आणि पोटाचे स्नायू सैल पडल्याने. ते हळूहळू पूर्ववत होतात.

दुसरी रीत म्हणजे भाजी-फळे बंद. केळ्याने बाळाला कफ होतो, पालेभाजीने बाळाला हिरवी शी होते, डाळीने बाळाला वात धरतो, अशी यादी मोठी आहे. मग बाईच्या ताटात उरतो तूप-भात, शिरा आणि लाडू. या ताटात चोथा नावाला नाही. चोथा म्हणजे धान्याचा कोंडा, भाजीचे धागे, फळाची साल, कडधान्याचे टरफल. हा चोथा पाणी धरून ठेवतो म्हणून मळ मऊ राहतो. डिंकाचा लाडू खाऊ नका असे मी म्हणत नाही. पण लाडूबरोबर पाणी आणि भाजीही हवी.

मग खायचे काय? त्यासाठी महाग काही लागत नाही. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, मुगाची सालीसकट डाळ, शेपू, माठ, पालक, चवळीची पालेभाजी, दुधी, पडवळ, शेवग्याचा पाला. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर किंवा कल्याणच्या लक्ष्मी मार्केटात बाराही महिने यातले काही ना काही मिळते. दिवसातून दोन फळे घ्या, पपई, पेरू, केळे, चिकू, जे परवडेल ते. रात्री पाच-सहा काळ्या मनुका किंवा दोन सुके अंजीर पाण्यात भिजवून सकाळी पाण्यासकट खा. अळीव चमचाभर, काही तास भिजवूनच खा. भिजलेला अळीव बुळबुळीत होतो आणि पोटाला मदत करतो. चोथा एकदम वाढवू नका, नाहीतर वायू धरतो. तीन-चार दिवसांत हळूहळू वाढवा आणि बरोबर पाणीही वाढवा. बाळाला अंगावर घ्यायला बसताना दरवेळी शेजारी पाण्याचा तांब्या असावा. दिवसातून आठ-दहा वेळा बाळ पिते. दरवेळी आईने एक पेला पाणी प्यायले की हिशेब आपोआप पुरा होतो.

लोहाच्या गोळ्यांविषयी थोडे सांगते, कारण इथे मोठे नुकसान होते. पोट कडक होते म्हणून अनेकजणी या गोळ्या गुपचूप टाकून देतात. आपल्या महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. बाळंतपणात रक्त गेलेल्या बाईने गोळ्या सोडल्या तर चक्कर, थकवा, धाप तिच्या मागे लागते. सरकारी कार्यक्रमाप्रमाणे या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. शौच काळी झाली तर घाबरू नका, ती गोळीमुळे होते. गोळी चहाबरोबर आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर एकाच वेळी घेऊ नका. फारच त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा. ते गोळी बदलतात किंवा घेण्याची पद्धत बदलतात. आपल्या मनाने मात्र ती बंद करू नका.

शौचाला बसायचेही तंत्र आहे. जेवणानंतर, विशेषतः सकाळच्या खाण्यानंतर, आतडी आपोआप हलतात. ती वेळ साधा. कळ आली की लगेच जा, थांबवू नका. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा छोटे स्टूल घ्या, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा वर येतील आणि मार्ग सरळ होईल. टाक्यांमुळे खाली उकिडवे बसवत नसेल तर भोक असलेली खुर्ची मेडिकलच्या दुकानात मिळते. स्वच्छ पॅड हातात धरून टाक्यांच्या जागी हलकेच टेकवले की आधार वाटतो. सिझेरियन असेल तर पोटावर छोटी उशी धरा. श्वास कोंडून कुंथू नका, तोंडाने हळूहळू श्वास सोडा. नंतर समोरून मागे असे पाण्याने धुवा आणि मऊ कापडाने टिपून घ्या. जळजळ होत असेल तर स्वच्छ टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे बसा, दिवसातून दोन-तीन वेळा. चीर आणि मूळव्याध या दोन्हींना त्याने आराम पडतो.

हालचालही हवी. डॉक्टरांनी परवानगी दिली की खाटेवरून उठून घरातल्या घरात फेऱ्या घाला. पोट कापडाने करकचून आवळू नका, त्याने खालच्या स्नायूंवर दाब येतो.

एवढे करूनही मळ मऊ झाला नाही तर औषधे आहेत. इसबगोल एक-दोन चमचे भरपूर पाण्यात घालून लगेच प्यावे आणि वर आणखी एक पेला पाणी घ्यावे. कमी पाण्यात घेतले तर ते उलट अडकते. लोहाची गोळी आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवा. लॅक्टुलोजचे पातळ औषध डॉक्टर देतात. ते आईच्या रक्तात जवळजवळ उतरत नाही, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. पण एरंडेल, सोनामुखी, कडक जुलाबाच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका. आणि टाके गुदद्वारापर्यंत गेले असतील तर एनिमा किंवा मागून घालायची वडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच वापरू नका.

आता बंधूंनो, तुमच्याशी बोलते. आपल्या कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, ठाण्याच्या चाळींत आणि वस्त्यांत आजही अनेक घरांना संडास सामाईक आहे. ओली बाळंतीण बादली घेऊन रांगेत उभी राहते. मागून कोणी दार वाजवते. घरात बाळ रडत असते. अशा वेळी तिला शौच होणार कशी? ती तशीच परत येते. पुढे पुढे ती खाणेच कमी करते, म्हणजे जावेच लागणार नाही. अशा बायका मी पाहिल्या आहेत. आठ-आठ दिवस पोट साफ नाही, खाणे नाही, मग दूध कमी, बाळाचे वजन वाढत नाही, आणि घरचे म्हणतात, "हिला दूधच येत नाही." रोग एकीकडे आणि बोल दुसरीकडे. नवऱ्याने रोज सकाळी अर्धा तास बाळ सांभाळले, एक बादली कोमट पाणी नेऊन ठेवले आणि रांगेत शेजाऱ्यांना "आधी हिला जाऊ द्या" एवढे म्हटले, तर ते एखाद्या औषधाइतकेच गुणकारी आहे.

बाळंतिणीला विश्रांती मिळावी हा केवळ घरगुती लाडाचा विषय नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. कामकरी बाईच्या बाळंतपणातल्या विश्रांतीचा भार समाजानेही उचलावा, हा त्यामागचा विचार. पुढे १९६१ चा प्रसूती-लाभ कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली. पण घरकाम करणाऱ्या, बिगारी काम करणाऱ्या आपल्या भगिनींना ही रजा मिळतच नाही. महिन्याभरात त्या कामावर जातात, लोकलला लटकतात, आणि दिवसभर कळ दाबून धरतात. त्यांना निदान घरातून तरी आधार मिळायला हवा.

आता धोक्याच्या खुणा सांगते, नीट ऐका. पोट फुगले आहे, वायूही सरत नाही आणि उलट्या होत आहेत, ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक आहे. टाक्यांतून पू येतो, दुर्गंधी येते किंवा टाके उसवले आहेत. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजते. यांपैकी काहीही झाले तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय ही सरकारी व पालिकेची रुग्णालये आपल्या जवळ आहेत. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी बाई आईलाही सांगत नाही. बाळंतपणानंतर वायू किंवा शौच रोखता येत नाही, नकळत कपडे खराब होतात, असे काहींना होते. आतले स्नायू फाटल्याने हे होऊ शकते. बाई लग्न-समारंभाला जाणे सोडते, नवऱ्यापासून दूर राहते, वर्षानुवर्षे गप्प बसते. भगिनींनो, हे नशीब नव्हे, हा आजार आहे. त्यावर व्यायाम आहेत, उपचार आहेत, गरज पडल्यास शस्त्रक्रियाही आहे. वायू रोखताना जे स्नायू आपण आवळतो तेच आवळून पाच मोजावेत आणि सोडावेत, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. सुरुवात डॉक्टरांना विचारून करा. पण आधी तोंड उघडून सांगा.

दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई घरी येतात. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला आणि आईला भेटायचे, असा नियम आहे. त्या आल्या की फक्त बाळाचे वजन पाहून त्यांना निरोप देऊ नका. आपले दुखणे सांगा. सासूबाईंसमोर बोलवत नसेल तर त्यांना बाजूला घेऊन सांगा. आणि सासूबाईंनो, आपणही कधीतरी याच वेदनेतून गेला आहात. तेव्हा आपल्याला कोणी विचारले नाही. आपण मात्र सुनेला विचारा, "बाई, पोट साफ झाले का? पाणी देऊ का?" या दोन प्रश्नांना पैसा लागत नाही.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. वस्तीत ज्या घरी बाळ जन्मेल तिथे बाळंतविडा घेऊन जाल, तेव्हा झबल्या-टोपड्याबरोबर किलोभर फळे आणि पाण्याचा एक तांब्या न्या, आणि दोन मिनिटे बाळाऐवजी आईजवळ बसा. तिला बोलते करा.